वीसचं एकदम शून्य

मान वर कर आणि इकडे बघ. नाक गळतंय, अंगावर काटा आलाय, बसल्या जागी पाय हलतायत, आणि तोंडानं मला सांगतोस, "सर, औषध सुटलं." सुटलं कसलं? टाकून आलास तू ते.

गर्द सुटावी म्हणून चालू केलेल्या मेथाडोनचा डोस ६० मिलिग्रॅमचा होता. डॉक्टर घाई करू नको म्हणत होते, आणि तू दर खेपेला हट्ट धरून बसलास, १० कमी करा, अजून १० कमी करा. २० वर आलास आणि परळच्या केईएमकडे पाठ फिरवून बीडची गाडी धरलीस. का, तर "थोडंच राहिलं होतं." तुला आठवीला शेकडेवारी कुणी शिकवली रे? ६० मधून १० गेले की सहावा हिस्सा जातो. २० मधून तेच १० गेले की निम्मं जातं. तू तर २० मधून २० काढलेस. शरीराला तुझ्या कागदावरचा आकडा कळत नाही, कालच्या मानानं आज किती हिस्सा गेला ते कळतं. म्हणून शेवटचे थोडे मिलिग्रॅम सगळ्यात हळू उतरवायचे असतात. जिथं पाय जपून टाकायचा, तिथंच तू उडी मारलीस.

मांड हिशोब. साधारण रीत अशी की असेल त्या डोसच्या पाच ते दहा टक्के कमी करायचे, मग आठवडा-दोन आठवडे थांबून बघायचं. झोप लागते का, पोट ठिकाणावर आहे का, गर्दची ओढ वाढली का. ठीक असेल तर पुढची पायरी, नसेल तर तिथंच मुक्काम. डॉक्टरांना वाटलं तर एक पायरी वरसुद्धा. दर दोन आठवड्यांनी दहा टक्के धरलेस तरी ६० वरून २० वर यायला पाच महिने लागतात. तिथून २ वर यायला आणखी दहा. तू हे सगळं एका महिन्यात बसवायला निघालास.

गर्दची टर्की, म्हणजे सोडतानाचा त्रास, तू भोगलास. ती तीन-चार दिवस जीव काढते आणि आठवडाभरात ओसरते. मेथाडोन अंगात जास्त काळ टिकतं, म्हणून तर दिवसातून एकदा पुरतं. त्याची टर्की उशिरा चढते आणि दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त रेंगाळते. आता कुठं सुरुवात आहे तुझी.

आणि घाई कशाची, तेही मला ठाऊक आहे. मुकादमाकडून उचल घेतलीस. दसरा झाला की कोयता घेऊन कोल्हापूरकडं निघायचं, फडात रोजचं औषध कोण देणार, म्हणून त्याआधी बंद. ऊसतोडीच्या वेळापत्रकात शरीर कोंबायची ही आपल्या जिल्ह्यातली पहिली वेळ नाही. खाडा पडला की दंड, म्हणून आपल्या बायाबापड्यांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या. २०१९ साली सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तर १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांना खरं सांगणारं, थांबवणारं कुणी भेटलं नाही. तुला डॉक्टर थांबवत होते, तरी तू ऐकलं नाहीस.

तुझा थोरला भाऊ दारात उभा राहून म्हणतो, "एक नशा सोडून दुसरी धरली होती, बरं झालं." तूही ऐक रे, तुलाही मीच शिकवलंय. गर्द ओढणारा हा पोरगा चोऱ्या करत होता, फुटपाथवर पडत होता. नर्ससमोर रोज औषध पिऊन हाच कामाला जायला लागला, घरी पैसे पाठवायला लागला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ पासून मेथाडोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलंय. काही जण ते वर्षानुवर्षं घेतात आणि संसार नीट करतात. तुझ्या टोमण्यांना घाबरून यानं परळीला वैजनाथापुढं शपथ घेतली. शपथेची तारीख तुम्ही दोघांनी ठरवलीत, भोगायचं मात्र यालाच आहे.

आता नीट ऐक, कारण यात जीव जातो. औषध थांबलं की अंगाची सवय झपाट्यानं उतरते. ओढ असह्य होऊन पूर्वी घ्यायचास तेवढी गर्द आज घेतलीस, तर झोपेतच श्वास बंद पडेल. वर दारू किंवा झोपेची गोळी असेल तर लवकरच. मित्रानं अंगदुखीची म्हणून दिलेली ती ट्रॅमाडॉलची कॅप्सूलही इथं ठेव. तीही अफूच्याच जातीतली आहे, २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. आणि कुणाकडून मेथाडोन मिळालं म्हणून स्वतःच्या मनानं ६० पिऊन बसू नकोस. तीन दिवसांचा खाडा पडला तरी जुना डोस डोळे झाकून देत नाहीत, डॉक्टर तपासून पुन्हा ठरवतात.

माय, तुम्ही रडू नका. त्याला मीठ-साखरेचं पाणी देत राहा, एकटं झोपू देऊ नका. उलट्या-जुलाब थांबले नाहीत, किंवा हाक मारून उठेना, तर तसाच अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि काय घेत होता ते लपवू नका.

आणि तू, उद्या रात्रीच्या गाडीनं मुंबई. भाऊ सोबत येईल. गेल्यावर किती दिवस औषध चुकलं, मधे काय काय घेतलं, खरं खरं सांगायचं. किती कमी करायचं ते डॉक्टर आणि तू बसून ठरवा, कितीही महिने लागोत. मुकादमाकडं मी येतो. उचल किती घेतलीस आणि त्यातली किती खर्च झाली, आत्ता आईसमोर सांग.