उंबरठा
॥ श्री गुरुदेव दत्त ॥
गुरुवारचे चिंतन



गेले दोन गुरुवार आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन निम्मी मंडळी एकाच विषयावर बोलतायत. मुलांना कंपनीने परत बोलावलंय. कुणाला आठवड्यातून तीन दिवस, कुणाला पाचही. ज्यांचं ऑफिस इथेच सुपर कॉरिडॉरला आहे त्यांचं एक वेळ ठीक. पण ज्यांची कंपनी पुण्याची आणि जे इतकी वर्षं इंदूरला आईच्या हातची पोळी खाऊन काम करत होते, त्यांचं काय? एका मावशींनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, हा हुकूम मागे घेतला जावा म्हणून महाराजांना साकडं घालू का?

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ऑफिस आपल्या घरात आलं. पोरगं डोळ्यासमोर राहिलं, बरं वाटलं. पण खरं आठवून पाहा. मीटिंग चालू असली की देवापुढे घंटा वाजवायची चोरी. कुकरची शिटी झाली तरी डोळे वटारले जायचे. आजोबांनी खोकलासुद्धा दाबायचा. आणि सून? दिवसभर कॅमेऱ्यासमोर, कॅमेरा बंद झाला की आपल्यासमोर. आमची सून परवा म्हणाली, "बाबा, मला ऑफिसला जायचंय. सिटी बसमधला अर्धा तास तरी कुणी विचारत नाही, काय करतेस म्हणून." ऐकून आधी राग आला. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, खरं तेच बोलली.

घराला उंबरठा असतो तो काय फक्त रांगोळी काढायला? बाहेरचं बाहेर आणि आतलं आत राहावं म्हणूनही असतो. नाथांचे सद्गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. म्हणजे चांगली मोठी जबाबदारीची नोकरी. पण गुरुवार दत्तप्रभूंचा, त्या दिवशी किल्ल्यावर कामकाज बंद असे, असं परंपरेने सांगतात. कचेरीच्या दिवशी कचेरी, उपासनेच्या दिवशी उपासना. नाथांनी रात्रभर जागून हिशेबातली एका पैची चूक शोधली, ती गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. (घरी बसून माउस हलवत ठेवायचा आणि हजेरी दाखवायची, असं करणाऱ्यांनी ती पुन्हा ऐकावी.) दुसरी गोष्ट आपण कमी सांगतो. स्वामी समाधीत होते आणि किल्ल्यावर शत्रू चालून आला. नाथांनी गुरूंना हाक मारली नाही. त्यांचं चिलखत स्वतः चढवलं, लढून आले, आणि चिलखत होतं तिथे ठेवून दिलं. गुरूंच्या एकांताला धक्का लागू दिला नाही. ही केवढी सेवा!

आता माझी चूक सांगतो. ज्या ताईंची ही गोष्ट आहे त्यांना विचारून, त्यांनी वाचून हो म्हटल्यावरच लिहितोय.

मागे एकदा त्यांचा रात्री फोन आला. मुलीचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा. मी चांगल्या मनाने लगेच या ग्रुपवर टाकलं. मुलीचं नाव टाकलं, दवाखाना टाकला, वर रिपोर्टचा फोटोही. सकाळपर्यंत हात जोडलेल्यांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत तो फोटो फिरत फिरत, जिथे मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती त्या घरी पोचला. बोलणी तिथेच थांबली. ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, नुसत्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. मी माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "दादा, मी तुम्हाला महाराजांना सांगायला सांगितलं होतं."

काही जण म्हणतात, मेसेजला कुलूप असतं, मधे कुणी वाचू शकत नाही. बरोबर आहे. पण ते कुलूप वाटेवरचं. समोरच्याच्या फोनमध्ये मेसेज उघडाच असतो, एका बोटाने पाच ठिकाणी जातो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. सरकारने तो मोडला तर कोर्टात जाता येतं. काकूंनी फॉरवर्ड केलं तर कुठे जायचं?

जुन्या सेवेकऱ्यांना आठवत असेल, कुणी मनातलं सांगायला आलं की महाराज स्वतः उठून त्याला मागच्या ओसरीवर घेऊन जात. आम्ही वर्षानुवर्षं जवळ होतो, पण तिथे काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

तर मावशी, साकडं घालू नका. मुलाला जाऊ द्या. रोज अकरा वाजता व्हिडिओ कॉल लावून "डबा दाखव" म्हणू नका. त्याचं लाइव्ह लोकेशन दिवसभर बघत बसू नका, त्याने जीव शांत होत नाही, उलट सवय लागते. आणि मुलांनो, घरी आई-वडील खरोखर अंथरुणाला खिळलेले असतील, बघणारं दुसरं कुणी नसेल, तर साहेबांना स्पष्ट विचारा. एकदा नाही म्हणाले तर पुन्हा विचारा. त्यात कमीपणा नाही. पण घरी राहता यावं म्हणून धडधाकट वडिलांना आजारी पाडू नका.

या गुरुवारपासून ग्रुपवर कुणाचंही आजारपण, रिपोर्ट, मुलामुलींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. प्रार्थना हवी असेल तर मला एकट्याला कळवा. नाव चिठ्ठीवर लिहून पादुकांखाली ठेवीन, आरतीनंतर चिठ्ठी विसर्जन करीन. आरतीच्या वेळी फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवावेत.

मावशींचा मुलगा रविवारी पुण्याला निघतोय. त्यांनी बजावलंय, त्याचं नाव लिहू नका. लिहिलेलं नाही.

श्री गुरुदेव दत्त.