डोंगरावरचे गाव आणि शेजाऱ्याचे पाणी



पृथ्वीवर हिंडून पाहण्याचे आवाहन पवित्र कुरआनात वारंवार आले आहे. सूरह अल-हज्जमध्ये (२२:४५-४६) कोसळलेल्या वस्त्यांचा आणि ओस पडलेल्या विहिरींचा उल्लेख येतो, आणि त्यालाच जोडून सांगितले जाते की खरे आंधळेपण डोळ्यांचे नसून हृदयाचे असते. म्हणजे प्रवास ही नुसती करमणूक नाही. काय पाहिले, हे महत्त्वाचे असतेच. पण ते कोणत्या हृदयाने पाहिले, याचीही विचारणा होणार आहे.

ट्युनिशियाला जाणारा मुस्लिम प्रवासी बहुधा कैरवानपर्यंत जातो. हजरत उकबा बिन नाफिअ यांनी इ.स. ६७० मध्ये वसवलेल्या त्या नगरीची भव्य मशीद पाहून तो परततो. ज्यांना हा योग येईल त्यांनी आणखी दक्षिणेकडे, सहाराच्या कडेला असलेल्या ततावीनपर्यंत जावे, अशी माझी विनंती आहे. तेथून जवळच शेनीनी, दुइरात आणि गेरमेसा ही बर्बर लोकांची डोंगरमाथ्यावरची जुनी गावे आहेत.

आधी या नावाविषयी थोडे बोलले पाहिजे. मराठीत ‘बर्बर’ म्हणजे रानटी. युरोपीय भाषांतही या शब्दाची मुळे तशाच तुच्छतेत रुजलेली आहेत. हे लोक स्वतःला ‘इमाझिगेन’ म्हणवतात. परस्परांना वाईट नावांनी हाक मारू नका, अशी ताकीद सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:११) आहे. ज्यांना आपण सवयीने ‘बर्बर’ म्हणतो, त्यांच्याच सनहाजा कबिल्यातील इब्न आजुर्रूम (मृत्यू १३२३) यांनी लिहिलेली अरबी व्याकरणाची छोटी पुस्तिका आजही अनेक देशांतील मदरशांत विद्यार्थी तोंडपाठ करतात. अरबी ज्यांची मातृभाषा, तेही त्यांच्याकडून आपले व्याकरण शिकले. मराठीत बोलणाऱ्या आणि अरबीत नमाज अदा करणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले समाधान वेगळे समजावून सांगायला नको.

ही गावे दुरून चटकन दिसतच नाहीत, कारण डोंगराचा आणि घरांचा रंग एकच. डोंगरात कठीण खडकाच्या थरांमध्ये मऊ थर आहेत. त्या मऊ थरात खोल्या खोदल्या, पुढे अंगण ठेवले आणि अंगणाला दगडी भिंत घातली. लुटारूंच्या भयाने गाव उंचावर बसले, आणि सर्वांत उंच जागी धान्याची कोठारे बांधली गेली. या कमानदार कोठारांना ‘गुरफा’ म्हणतात. हा शब्द कुरआनवाचकांच्या ओळखीचा आहे. जन्नतमधील उंच दालनांसाठी तोच आला आहे. येथल्या गुरफ्यात मात्र जव, ऑलिव्हचे तेल आणि सुकी अंजिरे साठवली जात. दुष्काळ पडेल हे गृहीत धरूनच जगणारे हे लोक.

आज तिन्ही जुन्या गावांतील बहुतेक घरे रिकामी आहेत. ओसाड वस्ती दिसली की काही वक्ते लगेच तेथे अल्लाहचा अजाब कोसळला असे सांगू लागतात. ही घाई मला मान्य नाही. ज्या वस्त्यांवर अजाब आला त्यांचा अन्याय कुरआनने स्पष्ट सांगितला आहे. येथील लोकांनी कोणता अपराध केला? १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाल्यानंतर पायथ्याशी नवी गावे वसली. पाणी, शाळा आणि रोजगार यांसाठी माणसे खाली उतरली. कोणी ट्युनिस गाठले, कोणी फ्रान्स. ज्याविषयी वही उतरलेली नाही, त्यावर अल्लाहच्या नावाने निकाल देणे फार जोखमीचे आहे.

शेनीनीजवळ कलत्या मिनाराची एक मशीद आहे. तिच्या आवारात कित्येक हात लांबीच्या कबरी दाखवतात. गुहेतील सात निद्रिस्त येथलेच, झोपेत त्यांची शरीरे वाढत गेली आणि जागे झाल्यावर इस्लाम स्वीकारून ते निवर्तले, अशी स्थानिक कथा आहे. तुर्कस्तान आणि जॉर्डनमध्येही अशा गुहा दाखवल्या जातात. कुरआनने त्या तरुणांची जागा सांगितली नाही आणि संख्येवरून वाद घालण्यास मनाई केली (१८:२२). कथा ऐका, कबरस्तानचा सलाम करा आणि पुढे चला.

पुढे जायचे ते गावाखालच्या घळीत. वाटाडे तेथे सहसा नेत नाहीत.

या प्रदेशात वर्षाला सुमारे १०० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात आषाढातील एक-दोन दिवसांतच इतका पडून जातो. तोही तेथे अचानक, लोंढ्याने येतो. म्हणून प्रत्येक घळीत आडवे बंधारे घातले आहेत. त्यांना ‘जिस्र’, अनेकवचनी ‘जुसूर’ म्हणतात. बंधाऱ्यामागे पाणी थांबते, गाळ साचतो, आणि त्या गाळात ऑलिव्ह, अंजीर व खजूर उभे राहतात. प्रत्येक बंधाऱ्याला दगडी सांडवा असतो. पाणी त्या उंचीला पोहोचले की खालच्या शेजाऱ्याकडे वाहू लागते. सांडवा फार उंच केला तर खालचे झाड वाळते. बंधाऱ्याची डागडुजी टाळली तर तो एखाद्या पावसात फुटतो आणि लोंढा खालचे बंधारेही घेऊन जातो.

हे पाहताना सहीह बुखारीतील एक प्रसंग आठवतो. मदिनेजवळच्या ओहोळाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि एक अन्सारी यांच्यात वाद झाला. जुबैर यांची जमीन वरच्या बाजूला होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सुचवले की, शेत भिजवून पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. ही तडजोड होती आणि तीत जुबैर यांनी थोडे सोडायचे होते. परंतु अन्सारी संतापून म्हणाला की, तो आपला आतेभाऊ म्हणूनच हा निवाडा. प्रेषितांच्या चेहऱ्याचा रंग पालटला. मग त्यांनी जुबैर यांना पूर्ण हक्क दिला: पाणी बांधापर्यंत चढू दे, नंतर सोड. लोकांनी ते मोजले तेव्हा ते घोट्यापर्यंत भरले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. तडजोड मोडली, शेजाऱ्याने नको ते बोलून घेतले, आणि वरच्याला त्याचा संपूर्ण हक्क मिळाला. तरी तो हक्क घोट्यापाशी संपला. रागावलेल्या शेजाऱ्याचेही पाणी तोडण्याची मुभा मिळाली नाही. भाऊबंदकीत आपण नेमके याच्या उलट वागतो. एकदा शब्द लागला की बांध, विहीर, सामाईक वाट, सारेच बंद होते आणि ‘माझा हक्क आहे’ एवढेच उरते. शेनीनीचे सांडवे ही हदीस ऐकून बांधले, असा माझा दावा नाही. मात्र हदीस समजायला ते दगड फार उपयोगी आहेत.

जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. काही घरांत अजून माणसे राहतात. परवानगी आणि सलामाशिवाय परक्या घरात शिरू नये आणि परत जा म्हटले तर परतावे, हा सूरह अन-नूरचा आदेश (२४:२७-२८) प्रवाशालाही लागू आहे. कॅमेरा घेऊन अंगणात डोकावणे हेही शिरणेच आहे. दार रिकाम्या घराचे असले, तरी मालक बहुधा खालच्या नव्या गावात असतो आणि जिस्रची दुरुस्ती करायला पहाटे वर चढतो. तो घळीत भेटला तर सलाम करा, त्याचा सांडवा कोठे आहे ते विचारा, आणि त्याखालचे झाड कोणाचे हेही विचारा.