रेड्याला कुणी विचारलं नाही

माझं माहेर आळ्याचं. जुन्नर तालुक्यातलं आळे, रेड्याच्या समाधीचं. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्याच्या तोंडून वेद उमटले, त्या रेड्यानं परतीच्या वाटेवर आमच्या गावात देह ठेवला आणि ज्ञानदेवांनी त्याला तिथंच समाधी दिली, अशी गावाची श्रद्धा. कॉलेजात कुणी गाव विचारलं की आम्ही मुली आधी आळेफाटा सांगायचो, एसटीमुळे तो सगळ्यांना ठाऊक. समाधीचं सांगितलं की हसू यायचं लोकांना.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पहिल्या धड्यातली वाक्यं मी धडाधड पाठ केली आणि आजीपुढे उभी राहून म्हणून दाखवली. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही आणि मलाही फारसं कळलं होतं असं नाही. दोघी खूश. मग काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "आजी, रेड्याला कळलं असेल का गं, आपण काय म्हणतोय ते?"

आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुला काय करायचंय? त्यानं म्हटलं ना!"

पस्तीस वर्षं झाली. तो प्रश्न मी बरोबर घेऊन फिरते आहे, आणि आता तर तो माझ्या पोटापाण्याचाच झाला आहे.

गेली चौदा वर्षं आम्ही गुम्मिडिपूंडीला राहतो. चेन्नई सेंट्रलला लागून असलेल्या मूर मार्केटच्या फलाटावरून उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याचशा लोकल इथं येऊन संपतात. मोजक्या पुढे आंध्रातल्या सुल्लूरपेटला जातात. नवऱ्याची नोकरी सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीत. मी काही वर्षं एका शाळेत इंग्रजी शिकवलं, आता घरीच नववी-दहावीची शिकवणी घेते. गच्चीवर पत्र्याची शेड, दोन पंखे, अकरा मुलं. कुणाच्या घरी तमिळ, कुणाच्या घरी तेलुगू, एकाच्या घरी ओडिया. मला सगळी 'मिस' म्हणतात, त्यांच्या आया 'टीचरम्मा'. माझं तमिळ ऐकून हसतात आणि मग स्वतःचं इंग्रजी आठवून गप्प बसतात. तेवढी बरोबरी आमच्यात आहे.

इथल्या राज्य मंडळाच्या दहावीला इंग्रजीचा पेपर 100 गुणांचा, उत्तीर्ण व्हायला 35. सुरुवातीला एकेका गुणाचे 14 प्रश्न, पर्याय निवडायचे. पुढे व्याकरण, उतारा, चित्रवर्णन, पत्र, आणि पाच गुणांना एक कविता, पुस्तक न बघता, जशीच्या तशी. या कवितेच्या प्रश्नाला मुलं 'मेमरी पोएम' म्हणतात आणि त्यावर त्यांचा फार जीव. ते पाच गुण हातातले.

पाठ करण्याला तमिळमध्ये मनप्पाडम म्हणतात. आपल्याकडे तोंडपाठ. आणि इथली मुलं इंग्रजीत बोलताना 'बायहार्ट केलं' म्हणतात. एकच कृती, आपण ती तोंडात ठेवली, तमिळांनी मनात, इंग्रजांनी काळजात. मी हे एकदा वर्गात सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, "मिस, तुमचं खरं आहे."

चित्रवर्णनाचंही मनप्पाडम असतं, हे मला इथं आल्यावर कळलं. चित्र कुठलंही असो, पाच वाक्यं तयार. सराव परीक्षेला मी हायवेवर उलटलेल्या बसचं चित्र दिलं होतं. अकरापैकी सात जणांनी लिहिलं, 'धिस इज अ ब्यूटिफुल पिक्चर. आय लाइक इट व्हेरी मच.' व्याकरणाची एकही चूक नाही. मी हसले, आणि मग लाल पेन हातात तसंच राहिलं. गुण कशाचे कापायचे?

व्याकरणाचं तर आणखी सोपं आहे. मी एकदा मुलांसाठी अर्थच नसलेलं वाक्य रचलं होतं. मराठीत सांगायचं तर असं: 'झिरप्याने गळंबा पिचकवला.' याचा प्रयोग बदला. 'झिरप्याकडून गळंबा पिचकवला गेला.' कुणी पिचकवला? झिरप्याने. काय पिचकवलं? गळंबा. उताऱ्यावरचे दोन्ही प्रश्न सुटले, व्याकरण चोख, आणि झिरप्या कोण हे मलाही माहीत नाही.

तेव्हा कधी कधी वाटतं, आपण अकरा रेडे समोर बसवले आहेत आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून ऋचा वदवतो आहोत. शिव्या देत नाही मी. आमच्या गावात रेडा ही शिवी होऊ शकत नाही.

अर्थावाचून पाठ म्हणणं हे खरं की खोटं, हा वाद आपल्याकडे फार जुना. यास्काच्या निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचं मत येतं: मंत्रांना अर्थच नसतो. वेदाला वाहिलेल्या ग्रंथात हे मत नोंदवलेलं आहे, लपवलेलं नाही, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. कौत्साचं एक कारण असं, की मंत्रातला शब्द हलवता येत नाही. त्याच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द ठेवलेला चालत नाही, क्रमही बदलत नाही. ज्याला अर्थ असतो त्या बोलण्यात आपण शब्द बदलतो. पाणी आण म्हणतो, जल आण म्हणतो, तांब्या भरलेलाच येतो. कौत्स आज असता तर मेमरी पोएमचे पाच गुण बघून त्यानं मिशीत हसून घेतलं असतं. तिथं माझ्या एका विद्यार्थ्याने झाडासाठी दुसरा, तितकाच चांगला इंग्रजी शब्द लिहिला होता. म्हणजे त्याला ओळ कळली होती. गुण गेला तो कळल्याबद्दल.

यास्क अर्थातच कौत्साला खोडतो. शब्द तेच आहेत जे आपण रोज बोलतो, मग अर्थ कसा नसेल, असं विचारतो; आणि आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे, असं सुनावतो. अर्थ न जाणता वेद पाठ करणारा म्हणजे ओझं वाहणारा नुसता खांब, या आशयाचा श्लोकही तिथंच येतो. मला वर्षानुवर्षं यास्काचं पटत आलं. शिक्षकाला पटावंच लागतं, नाहीतर आम्ही कशाला?

पण आळ्याच्या मुलीला एक अडचण आहे. ज्ञानदेवांनी रेड्याकडून अर्थ वदवला नाही, ऋचाच वदवल्या. आणि त्याच ज्ञानदेवांनी पुढे नेवाशाला बसून, शके 1212 मध्ये, संस्कृत न येणाऱ्यांसाठी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. दोन्ही कामं एकाच माणसाची. एकीकडे न कळणाऱ्याच्या तोंडी वेद, दुसरीकडे ज्याला कळत नाही त्याच्या हाती अर्थ. या दोन गोष्टी मला अजून एका दोरीत ओवता आलेल्या नाहीत. खरं तर पैठणला परीक्षा ज्ञानदेवांची होती. रेडा ही त्यांची उत्तरपत्रिका. उत्तरपत्रिकेला काय कळलं हे कोण विचारतं?

या मे महिन्यात घडलेली गोष्ट सांगते, म्हणजे मी हे सगळं का घेऊन बसले ते कळेल.

सुट्टीतली चाचणी होती. उतारा मीच लिहिला, सहा ओळींचा. एक कोळी तीन दिवस समुद्रावर गेलेला नाही. जाळं भिंतीला टेकवलेलं. संध्याकाळी त्याची बायको दारात येते, आभाळाकडे बघते आणि गप्प राहते. प्रश्न, दोन गुणांचा: बायको गप्प का राहिली? माझ्या वहीतलं उत्तर: वादळाच्या भीतीने.

एका मुलाने लिहिलं, 'वाइफ नो टॉक बिकॉज बॅन इज गोइंग. ऑल पीपल नो टॉक.' वाक्यागणिक चुका, आणि उताऱ्यात बंदीचा शब्द नाही. शून्य.

दुसऱ्या एका मुलीने लिहिलं, 'शी लुक्ड ॲट द स्काय अँड केप्ट सायलेंट.' उताऱ्यातलीच ओळ उचललेली. निर्दोष. इथल्या पद्धतीने उत्तराची ओळ सापडली की गुण द्यायचे. दोन दिले. आणि मनात म्हटलं, हा घ्या खांब.

रात्री भांडी आवरताना तो 'बॅन' डोक्यातून जाईना. पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी 15 एप्रिल ते 14 जून, 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीचा काळ. या मुलाचे वडील काशिमेडूच्या बंदरातल्या बोटीवर जातात, घर पुलिकतकडे, पोरगा शिकायला इथं मामाकडे. म्हणजे मे महिन्यात जाळं भिंतीला टेकलेलं आहे आणि बायको गप्प आहे, हे त्याने माझ्या उताऱ्यात वाचलं नाही. घरी बघितलं.

आपल्या शास्त्रकारांनी वाक्याचा अर्थ लागायला काय काय लागतं ते बारकाईने मांडून ठेवलं आहे. शब्दांना एकमेकांची आकांक्षा हवी, योग्यता हवी, ते जवळजवळ हवेत. अग्नीने शिंपतो म्हटलं तर व्याकरण बरोबर पण योग्यता नाही, म्हणून अर्थ लागत नाही; माझा झिरप्या तिथंच अडकला असता. आणि चौथी गोष्ट तात्पर्य, बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते. त्याचं उदाहरण मोठं छान आहे. 'सैंधव आण.' सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधचा घोडाही. जेवायला बसलेला माणूस म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. माझ्या मनात मीठ होतं. पोराने घोडा आणला, आणि तोही उगीच नाही. त्याच्या घरी तेव्हा खरोखरच घोड्याची वेळ झालेली होती. मी पानावर बसून त्याला शून्य दिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बोलावलं. तो तमिळमध्ये म्हणाला, "मिस, वादळ असतं तर ती गप्प कशी राहील? वादळात बाया ओरडतात. शेजारी जातात, देवीला नवस बोलतात, फोन करतात. गप्प राहतात ते पैसे नसले की." मी वहीतलं उत्तर खोडलं. त्याचं शून्य खोडलं आणि दोन लिहिले. व्याकरणाचा अर्धा कापावा असं एकदा मनात आलं, पण लाज वाटली.

इथपर्यंत मी स्वतःवर बरीच खूश होते, हे कबूल करते. चुकीच्या इंग्रजीमागचा कळलेला अर्थ ओळखला म्हणून. आता राहिला होता खांब. तिला समजावावं, नुसती ओळ उचलणं म्हणजे वाचन नव्हे, म्हणून मी तिलाही बोलावलं.

'असर'च्या 2023 च्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांना इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. 57.3 टक्क्यांना ती वाचता आली, आणि वाचता आलेल्यांपैकी 73.5 टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचणाऱ्या चौघांपैकी जवळपास एक नुसता वाचतो. मी हा आकडा पालकांना पुष्कळदा ऐकवला आहे. अहवालातला शब्द 'सांगता आला' असा आहे आणि मी मनात 'कळला' असा वाचत आले, हे माझ्या त्या दिवशी ध्यानात आलं.

कारण मी तिला तमिळमध्ये विचारलं, "ती बाई गप्प का राहिली असं तुला वाटतं?" ती चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "मिस, तो तीन दिवस गेला नाही, म्हणजे तो घाबरलेला आहे. तो आपणहून बोलत नाही. तिनं विचारलं तर त्याला सांगावं लागेल. म्हणून ती त्याच्याकडे न बघता आभाळाकडे बघते."

हे मी उतारा लिहिताना माझ्याही मनात नव्हतं. मी फक्त जाळं, भिंत आणि आभाळ मांडलं होतं.

मी म्हटलं, "अगं, मग हे का नाही लिहिलंस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मिसला एवढंही ठाऊक नाही. "मिस, असं लिहिलं तर परीक्षेत मार्क देतील?"

फेब्रुवारीत सराव परीक्षा, मग मंडळाची परीक्षा. तपासणाऱ्यापुढे शेकडो पेपरांचा गठ्ठा, हातात छापील उत्तरं. तिच्या इंग्रजीत हे वाक्य मावायचं म्हणजे तीन-चार चुका ठरलेल्या. तिच्या आईला कंपनीत दिवसपाळी-रातपाळी असते. मुलीला पुढे पॉलिटेक्निकला घालायचं आहे, तिथं टक्के बघतात.

मी म्हटलं, "नाही देणार. परीक्षेत तू लिहिलंस तेच लिही."

तिने मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसली. मग मी मेमरी पोएम घेतली, आणि सगळ्यांनी ती एका सुरात म्हटली.