पितळेभोवती आकसलेलं प्लास्टिक

मे महिन्यात किनवटला पारा 42 अंशांच्या पुढे जातो, गच्चीवरची टाकी तापते आणि नळाला चटका बसेल असं पाणी येतं. अशा दुपारी न्हाणीत जरा थांबा. तोटी जिथे भिंतीत शिरते, तिकडे लक्ष द्या. टाइलच्या मागे सिमेंटात एक लहानशी वस्तू आहे. प्लंबर तिला ‘ब्रास एल्बो’ म्हणतात. तशीच एक नवी हार्डवेअरच्या दुकानातून आणा आणि तळहातावर घ्या.

एका तोंडाला सीपीव्हीसी या प्लास्टिकचा पाइप सोल्युशनने कायमचा चिकटतो. दुसऱ्या तोंडात पितळ आहे, आतून आटे पाडलेलं; त्यालाच इन्सर्ट म्हणतात. हे पितळ मागाहून ठोकलेलं नाही. आधी ते मोल्डमध्ये बसवलं, मग दोनशे अंशांच्या आसपास वितळलेलं प्लास्टिक दाबाने त्याच्याभोवती सोडलं.

आट्यांवरून बोट फिरवा. नळाचे आटे किंचित निमुळते असतात. पाना जितका फिरवाल तितकी पाचर घट्ट होते. नुसतं प्लास्टिक असतं तर ते तिथेच फाटू शकलं असतं. तो ताण पितळ स्वतःवर घेतं.

आता त्या सीमेकडे बघा जिथे पिवळं संपतं आणि प्लास्टिक सुरू होतं. ही दोन्ही एकमेकांना चिकटलेली नाहीत. फक्त आकाराने धरलेली आहेत. पितळेच्या बाहेरून नर्लिंगची खरबरीत नक्षी असते, ती पान्याबरोबर इन्सर्ट गरगर फिरू देत नाही. मधली गोल खाच त्याला बाहेर ओढू देत नाही.

इथे सावकाश व्हा, कारण खरी गोष्ट निवण्यात आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवतात. ती निवते आणि लाकूड आवळते. इथे उलटं होतं: आवळणारं प्लास्टिक बाहेर, धातू आत. वीस मिलिमीटर व्यासाचं पितळ शंभर अंशांवरून तीसवर आलं तर सुमारे 0.03 मिलिमीटर आकसतं. तेवढंच सीपीव्हीसी 0.09. मधला फरक केसाच्या जाडीएवढा, पण तो कुठेच जात नाही. प्लास्टिकच्या भिंतीत ताण होऊन राहतो. नर्लिंगची टोकं धारदार राहिली, तर तडा तिथूनच निघतो, कधी कधी महिन्यांनी. म्हणून कडा गोलसर करायच्या, इन्सर्टभोवती प्लास्टिकला पुरेशी जाडी द्यायची, शक्य तिथे पितळ आधी गरम करून मोल्डमध्ये ठेवायचं. वितळलेलं प्लास्टिक इन्सर्टला वळसा घालून पलीकडे जिथे पुन्हा भेटतं, तो सांधा सगळ्यात कच्चा. प्लास्टिक मोल्डमध्ये कुठून शिरतं यावर तो सांधा कुठे पडेल हे ठरतं, आणि मला वाटतं, चांगल्या डिझायनरची पारख तिथेच होते.

तोटी उघडा. गरम पाण्याने प्लास्टिक पितळेपेक्षा जास्त फुगतं, पकड जराशी सैल होते. रात्री पुन्हा आवळली जाते. सीमेवरून पाणी झिरपायला वाट शोधतं. खाचा ती वाट लांब आणि वाकडी करतात. काही बनवणारे तिथे रबरी ओ-रिंगही बसवतात.

लोखंड स्वस्त आहे, तरी इथे पितळच, आणि मला ते पटतं. लोखंड गंजतं. शिवाय ते पितळेहूनही कमी आकसतं, म्हणजे प्लास्टिकशी अंतर वाढतं. पितळ लेथवर भराभर कापलं जातं. असे भाग बनवण्यासाठी गुजरातमधलं जामनगर ओळखलं जातं. मोल्डचं काम शिकायचं असेल तर मराठवाड्याच्या मुलांना छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे, आणि प्लास्टिकसाठी सिपेट ही संस्था.

शेवटी इन्सर्ट नको असण्याचाही विचार करा. जिथे पुन्हा काहीच उघडायचं नाही, तिथे साधा चिकटवलेला सांधा बरा. पितळ अडकलेलं प्लास्टिक तसंच दळायला टाकता येत नाही; भंगारवाल्याला आधी हातोड्याने ते फोडून पितळ वेगळं काढावं लागतं. कागदावर इन्सर्ट काढताना त्या हातोड्याचीही सोय बघावी.