सही पुतण्याची

दुसऱ्या देशाच्या निवडणुकीत ढवळाढवळ केली म्हणजे नेमके काय केले? हा प्रश्न निघाला की मला १९४८ सालची इटली आठवते.

त्या वर्षी १८ एप्रिलला तिथे मतदान होते. एकीकडे ख्रिस्ती लोकशाही पक्ष, दुसरीकडे कम्युनिस्ट व समाजवादी यांची आघाडी. अमेरिकेच्या नव्याने स्थापन झालेल्या सी.आय.ए. या गुप्तचर संस्थेने पहिल्या पक्षास चोरून पैसा पुरवला. थैल्या पोचवल्याचे तिच्याच एका माणसाने पुढे सांगितले. मॉस्कोचा पैसा दुसऱ्या बाजूस मिळत होताच. येथे वाद नाही. थैली लपवून न्यावी लागली, यातच सारे आले.

परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी मात्र मार्चमध्ये जाहीरपणे बजावले की, कम्युनिस्ट निवडून आले तर अमेरिकेची मदत विसरा. यात लपवाछपवी नव्हती. पण युद्धाने उपाशी पडलेल्याच्या ताटावर हात ठेवून दिलेल्या सल्ल्याला सल्ला म्हणावे काय?

माझी खरी अडचण होते ती पत्रांपाशी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियनांनी गावाकडच्या आप्तांना ढिगांनी पत्रे धाडली. पुतण्याने काकाला मत कुणाला द्यावे ते लिहिले, तर त्याला परका कोण म्हणेल? पण त्यांतली पुष्कळ पत्रे छापील होती. मजकूर तयार, खाली फक्त सही करायची. काहींत तर, उलटे मत दिलेत तर पैसे येणार नाहीत, अशी तंबीही होती. पैसा पुतण्याच्याच घामाचा, तो न पाठवण्याचा हक्कही त्याचाच. मग खटकते काय? सही खरी, नाते खरे, आणि त्या नात्याच्या दारातून आत शिरलेला मात्र कोणी तिसराच. मला थैलीपेक्षा हे अधिक लागते.

ख्रिस्ती लोकशाही पक्षाला ४८.५ टक्के मते पडली. त्यांत पत्रांची किती, हे कोण मोजणार?

मी कोकणातला. लहानपणी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या तोंडावर मुंबईहून काकांची मनीऑर्डर आली. चिठोऱ्यावर अमक्यालाच मत द्या, असे होते. परदेश नव्हे, पण आजीला मुंबई तितकीच दूर. तिने मला ते दोनदा वाचायला लावले. मग पैसे कनवटीला लावीत म्हणाली, "अक्षर त्याचंच आहे रे. बोलणं त्याचं नव्हे."

तिने मत कुणाला दिले, ते आम्हां कुणालाच तिने सांगितले नाही.