दार लावावे, दार ठोठावावे



एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. आपण एखाद्या माणसाला दुखवले आणि नंतर डोळे मिटून मनोभावे नाम घेतले, तर तो अपराध फिटला का?

कीर्तनात उभा राहून मी याचे उत्तर बिनदिक्कत 'हो' असे देत आलो. नामाने पापांचे डोंगर जळतात, यावर माझी आजही श्रद्धा आहे. पण वीसेक वर्षांपूर्वी एका सप्ताहात आमच्या मृदंगमण्याची लय जरा ढळली आणि मी भर कीर्तनात त्याला टोमणा मारला. मंडप हसला. काल्यानंतर सगळे एकमेकांच्या पाया पडले, तेव्हा तो निघून गेला होता. पुढच्या एकादशीला मी माळ ओढली आणि मोकळा झालो, असे समजलो.

ही समजूत हलवली आमच्या भाईंदरच्या इमारतीतील एका शेजाऱ्याने. ते माझ्याच वयाचे, मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पूर्वी हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची बोली मराठीच. 1880 च्या सुमारास त्यांनी आपली कीर्तनाची रीत घेतली आणि त्यांच्या धर्मग्रंथातील आख्याने मराठीत लावली. पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथांपासून दूर राहूनही देव एकच आहे असे सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना त्यांच्या मुखी टिकली. ती म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकतात, चित्त बाहेर धावू नये म्हणून. मला आपले नामस्मरणच आठवले.

त्यांचा नव्या वर्षाआधीचा एलूल महिना आत्मपरीक्षणाचा. नव्या वर्षाच्या दहाव्या दिवशी, आपल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, योम किप्पूर येतो. सुमारे 25 तास अन्न नाही, पाणी नाही. जुनी बेने इस्रायली माणसे याला 'दारफाळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी दारे लावून घरातच राहायचे. दुसरा दिवस 'शिळा सण', त्या दिवशी दानधर्म आणि गाठीभेटी.

मी म्हणालो, "म्हणजे उपासाने सारे धुतले जाते."

ते म्हणाले, "नाही हो बुवा. देवाचे अपराध देव धुतो. माणसाचा अपराध केला असेल, तर आधी त्या माणसाची समजूत काढायची. तोवर उपास पुरत नाही, असे आमचे शास्त्र सांगते."

त्या रात्री हरिपाठ म्हणताना मृदंग कानी येऊ लागला. मन म्हणाले, विठ्ठल सर्वांभूती आहे, त्याची क्षमा मागितली की सर्वांची मागितली. पण माउली, हाच विचार उलटा करून पाहा. विठ्ठल त्या मृदंगमण्यात असेल, तर क्षमा मागायला मला त्याच्याच दारात जायला हवे. त्याच्या जखमेची क्षमा परस्पर पंढरीत मागण्याचा अधिकार मला कुणी दिला?

गेलो. त्याने ओळखले. मी हात जोडून बोललो. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "लय चुकली होती, बुवा, ते खरं. पण त्या दिवशी माझा पोरगा पहिल्यांदा ऐकायला आला होता. पुढंच बसला होता."

'क्षमा केली' असे तो म्हणाला नाही. त्याने चहा सांगितला. दोघे प्यायलो.

ठाण्याचे सिनेगॉग 1879 सालचे. त्याच्या 'शार हाशामाइम' या नावाचा अर्थ स्वर्गाचे द्वार. मुंबईतले 1796 चे 'शार हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार. ही नावे ऐकल्यापासून वाटते, डोळे मिटून आत जाणे हा अर्धाच प्रवास आहे. आत गेल्यावर कुणाचे तोंड दिसते ते पाहावे, आणि उठून त्याचे दार ठोठावावे. नाम आपल्याला तेवढे बळ देते. ते चालणे मात्र आपल्याच पायांनी करायचे.

येत्या एकादशीला माळ हाती घ्याल, तेव्हा तुम्हाला कोण आठवते ते पाहा. तो माणूस आहे तोवर जा.

रामकृष्ण हरी.