नड कोणाच्या मालकीची?

सकाळी ऑनलाइन पाहिलेल्या मिक्सरचा भाव रात्री वाढलेला दिसला, किंवा तोच मिक्सर दुसऱ्याच्या फोनवर स्वस्त निघाला, की ‘ही तर लूट आहे’ असे आपण म्हणून टाकतो. राग रास्त असेलही, पण आरोप नेमका कशाचा आहे हे त्यातून कळत नाही. भाव चढा असणे, भाव हलता असणे आणि माणसागणिक भाव वेगळा असणे हे तीन निराळे प्रकार आहेत. यांतला अधर्म कोणता? माझ्या मते तिन्ही आपापल्या जागी निर्दोष असू शकतात. दोष चौथ्याच ठिकाणी असतो, आणि तिथे बोट ठेवायला जुने धर्मविचार आजच्या अर्थशास्त्रापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

भाव हलतो याचे जुन्यांना वावडे नव्हते. मनुस्मृती राजाला दर पाच दिवसांनी किंवा पंधरवड्याने भाव ठरवायला सांगते. म्हणजे पाच दिवसांत तो बदलू शकतो हे तिने गृहीतच धरले आहे. कौटिल्य नफ्याला लगाम घालतो खरा, पण देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १०, असा फरक ठेवूनच. इस्लामी परंपरा याहून पुढे जाते. मदिनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी पैगंबर मुहम्मद यांना भाव बांधून देण्याची विनंती केली आणि त्यांनी ती नाकारली, असे हदीस सांगते. त्याच पैगंबरांनी मात्र शहराकडे माल घेऊन येणाऱ्या तांड्याला वाटेतच गाठून सौदा करायला मनाई केली. कारण उघड आहे: तांड्यातल्या माणसाला शहरातला भाव अजून ठाऊक नसतो. भाव चढला तर चढू दे, पण दुसऱ्याच्या अज्ञानावर कमाई नको. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आपला प्रश्न निम्मा सुटतो.

उरलेला निम्मा तेराव्या शतकातल्या थॉमस ॲक्वायनसने सोडवला आहे. ‘सुम्मा थिओलॉजिका’मध्ये खरेदीविक्रीतल्या फसवणुकीची चर्चा करताना तो एक बारीक भेद करतो. वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्याचे नुकसान होत असेल, तर ते त्याने भावात धरावे. पण त्याचे काहीच जात नाही, घेणाऱ्याला मात्र वस्तूची फार नड आहे, एवढ्याच कारणाने त्याने भाव चढवू नये. ती नड घेणाऱ्याची आहे, आणि जे आपले नाही ते कोणी विकू नये. या युक्तिवादाची गंमत अशी की तो व्यापाऱ्याकडे दयेची भीक मागत नाही. तो मालकी हक्काची भाषा बोलतो, जी व्यापाऱ्याला सगळ्यांत आधी कळते. माल तुझा, मेहनत तुझी, जोखीम तुझी. त्यांचे मोल घे. गिऱ्हाइकाच्या घरी तान्हे मूल तापाने फणफणले आहे, हा काही तुझ्या दुकानातला माल नव्हे. शांतिपर्वातला वाराणसीचा तुलाधार वाणी, तपाचा गर्व झालेल्या जाजलीला आपला तराजू सर्वांना सारखा आहे असे सांगतो, तेही या अंगाने वाचता येते. तराजू पारड्यातला जिन्नस तोलतो, समोरचा माणूस तोलत नाही. तेव्हा कोणत्याही भावाला विचारायचा प्रश्न असा: तू मालाविषयी बोलतोस की गिऱ्हाइकाविषयी?

२००० साली ॲमेझॉनवर एकच डीव्हीडी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या भावाने मिळत असल्याचे गिऱ्हाइकांच्याच लक्षात आले. ही सरसकट, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली चाचणी होती, कोणाची माहिती पाहून भाव ठरवला नव्हता, असा खुलासा कंपनीने केला आणि ६,८९६ जणांना सरासरी ३ डॉलर १० सेंट परत दिले. तीन डॉलरसाठी कोणी एवढे खवळत नाही. दुकान आपल्याला वाचते आहे, या संशयाने माणसे दुखावली होती. खुलासा खरा धरला तर तो प्रयोग मूर्खपणाचा होता, पाप नव्हे. २०११चा प्रसंग याहून बोलका आहे. ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे माशीच्या जडणघडणीवरचे जीवशास्त्राचे पुस्तक ॲमेझॉनवर दोन विक्रेत्यांकडे नवे मिळत होते. एकाचा भाव दुसऱ्याच्या ०.९९८३ पट लागे, दुसऱ्याचा पहिल्याच्या सुमारे १.२७ पट. रोज हा पाठशिवणीचा खेळ चालून एप्रिलमध्ये भाव २ कोटी ३६ लाख डॉलरच्या पुढे गेला. कोणाची हाव नाही, कट नाही. बौद्ध विचारात चेतना म्हणजेच कर्म. मग जिथे हेतूच नाही तिथे दोष कोणाचा, असा आक्षेप येतो. पण हेतू नव्हता असे नाही. पुस्तकाकडे न पाहता शेजाऱ्याच्या आकड्याकडे पाहायचे, हा नियम एका माणसानेच बसवून दिला होता. त्या आकड्याला पुस्तक कोणी घेणार नव्हते म्हणून ते हसण्यावारी गेले. नेमका तसाच नियम औषधाला लावला, तर हसू येणार नाही.

मंडईतला भाजीवालाही माणूस पाहूनच भाव सांगतो, मग यंत्रावरच राग का? हा आक्षेप जोरदार आहे. भाजीवाला गाडीतून उतरलेल्या बाईंना दहा रुपये वाढवून सांगतो, हे खरेच; आणि ते काही पुण्यकर्म नव्हे. पण बाईही त्याला पाहत असतात. दिवस कलला, टोपलीत निम्मी मेथी पडून आहे, हे त्यांना दिसते. शेजारचा काय म्हणतो ते कानावर येते. त्या दोन पावले पुढे जातात आणि हाक येते, ‘ताई, घ्या, तुमचं बी नाही अन् माझं बी नाही.’ घासाघीस दोन्ही बाजूंनी होते. पडद्यामागच्या विक्रेत्याला तुम्ही ती वस्तू कितीदा उघडून पाहिलीत, कोणत्या पिनकोडवर मागवता, घाईत आहात का, हे कळू शकते. तुम्हाला त्याच्या गोदामाची काहीच खबर नसते. तांड्याला वाटेत गाठण्याचाच हा प्रकार, फक्त आता प्रत्येक गिऱ्हाईक एकेकटा तांडा झाला आहे.

अर्थशास्त्री म्हणतील, पैसेवाल्याकडून जास्त घेतले तर गरिबाला कमीत देता येते. येतेच. एसटीत ज्येष्ठांना आणि महिलांना सवलत आहे आणि तिच्यावर कोणी अन्यायाचा शिक्का मारत नाही, कारण ती कोणाला व का, हे जाहीर आहे. गणित करून लावलेला भाव मात्र ऐपत नव्हे, अगतिकता मोजतो. अडलेला हरी श्रीमंत असतोच असे नाही. ज्याच्या गावात दुसरे दुकान नाही आणि ज्याला वस्तू उद्याच हवी, तो बहुधा गरीबच निघेल.

छोट्या विक्रेत्याचे रडगाणेही ऐकले पाहिजे. कमिशन, कुरियर, परत आलेला माल, यांतून त्याच्या हाती थोडे उरते. हे सगळे त्याचेच नुकसान आहे आणि ते भावात धरायला ॲक्वायनसचीही ना नाही. पण एमआरपी फुगवून १,९९९ छापायचे, त्यावर काट मारून ५९९ला द्यायचे, यात त्या काट मारलेल्या आकड्याने कोणता खर्च भरून निघतो? तो आकडा वस्तूविषयी काहीच सांगत नाही. गिऱ्हाइकाच्या हावेला हात घालण्यापुरता तो तिथे असतो.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनी एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करायला आणि ग्राहकांचे मनमानी वर्गीकरण करायला बंदी घातली आहे. हेतू चांगला, पण ‘वर्ग’ या शब्दाशी गाडी अडते. पुरेशी माहिती हाती असली की यंत्र प्रत्येक माणसाचा एकेक वर्ग करू शकते, आणि मग एकाच वर्गात दोन माणसे उरतच नाहीत. मनमानीचा आरोपही टिकवणे कठीण, कारण आकडेमोड दाखवायला नेहमीच तयार असते. त्यापेक्षा विक्रेत्याला एवढेच विचारावे: हा भाव चढला त्यात तुझे काय गेले, ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगशील का? माल कमी आहे, वाहतूक महागली, रात्रीची पाळी लावावी लागली, ही उत्तरे बेधडक देता येतात. ‘तुम्हाला निकड आहे हे मला कळले होते’ हे उत्तर देणारा दुकानदार अजून तरी कोणी पाहिलेला नाही.